पुस्तक मिटल्यावर

आमच्या नागपूर विद्यापीठात परीक्षांना ऋतूंची नावं आहेत. एक हिवाळी, एक उन्हाळी. हिवाळी परीक्षेचा निकाल लागला की माझ्या टेबलापाशी मुलामुलींची रांग लागते आणि गेली काही वर्षं त्या रांगेत एक वाक्य फार ऐकू येतं : ‘‘सर, मी ऑडिटरी लर्नर आहे. मला वाचून समजतच नाही.’’ कुणी ‘व्हिज्युअल’ असतं, आकृती नसेल तर पान उलटतं. कुणी ‘कायनेस्थेटिक’ असतं, त्याला हातानं केल्याशिवाय काही कळत नाही म्हणे. हे शिक्के त्यांना पहिल्या वर्षाच्या इंडक्शन कार्यक्रमात भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून मिळतात, नाहीतर मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या चाचणीतून. काहींच्या आईवडिलांनी तर बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचणीवर काही हजार रुपये घालवलेले असतात. त्या ठशांच्या चाचणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते पैसे पुस्तकांना लावा.

राहिला प्रश्न शिकण्याच्या प्रकारांचा. या मुलांशी जे बोलायचं असतं ते रांगेत उभ्या उभ्या होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. तुम्हाला कसं शिकायला आवडतं यावरून तुमचे गुण ठरत नाहीत. वाचून, ऐकून, पाहून झालं, की पुस्तक मिटून तुम्ही काय करता, त्यावर पुष्कळ काही ठरतं.

ही कल्पना आली कुठून, ते थोडक्यात पाहू. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठातल्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये ‘वार्क’ नावाची प्रश्नावली पुढे आणली. पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि हातानं करणारे अशी चार आवडींची विभागणी तिच्यात आहे. त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं होतं आणि त्यातून शिकणाऱ्यांचे चार प्रकार काढले होते. अशी वर्गीकरणं पुढे इतकी फोफावली, की २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मोजदाद केली तेव्हा ७१ निरनिराळ्या मांडण्या हाती लागल्या. एकच मुलगा ७१ प्रकारे ओळखता येतो म्हटल्यावर तेव्हाच शंका यायला हवी होती.

खरी कसोटी २००८ मध्ये लागली. पॅशलर, मॅकडॅनियल, रोअरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी सरळ प्रश्न विचारला. ‘ऐकणाऱ्या’ मुलांना ऐकवून आणि ‘पाहणाऱ्यांना’ दाखवून शिकवलं, तर उलट केलं असता मिळतील त्यापेक्षा त्यांना जास्त गुण मिळतात का? हे सिद्ध करायचं तर दोन्ही प्रकारची मुलं दोन्ही पद्धतींत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून द्यायला हवीत आणि शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच घ्यायला हवी. इतक्या काटेकोरपणे केलेले अभ्यास त्यांना मोजकेच सापडले, आणि त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष या समजुतीच्या विरोधात गेले. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या चारशेहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनी आपल्या ‘प्रकाराप्रमाणे’ अभ्यास केलाच नव्हता, आणि ज्यांनी केला त्यांनाही त्याचा गुणांत फायदा झाला नाही. काही सवयींचा मात्र गुणांशी संबंध दिसला : तासातल्या टिपणांकडे पुन्हा वळणं, आणि संगणकावरच्या सूक्ष्मदर्शकातून पेशींचे नमुने तासाबाहेरही पाहणं. मग तो विद्यार्थी स्वतःला काहीही म्हणवून घेत असो.

हा सूक्ष्मदर्शक लक्षात ठेवा. ऊतींचा अभ्यास डोळ्यांनीच करावा लागतो. तिथे मुलगा ऐकणारा की हातानं करणारा, याला अर्थ नाही. कसं शिकायचं हे विषय ठरवतो, शिकणाऱ्याचा शिक्का ठरवत नाही. विधी शाखेच्या मुलीला युक्तिवाद तोंडानं मांडता आलाच पाहिजे. फार्मसीच्या मुलाचा हात तराजूवर स्थिर झालाच पाहिजे. भूगोलवाल्यानं नकाशा कोऱ्या कागदावर काढलाच पाहिजे आणि इतिहासवाल्याला चाळीस पानं वाचण्याचा कंटाळा करून चालणार नाही.

आपल्या भागात ही समज जुनी आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला २००५ पासून ज्यांचं नाव आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज शाळेत फार शिकलेले नव्हते. हातात खंजिरी घेऊन त्यांनी गावंच्या गावं शिकवली. जे गाऊन पोचतं ते गायलं, आणि ग्रामसफाई शिकवायची तेव्हा हातात झाडू घेतला. पुढे वर्ध्याकडे वळा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. तकलीवर सूत काढताना मोजणी, हिशेब, कापसाचा भूगोल शिकायचा. हातानं शिकणं हा तिथे काही मुलांचा खास ‘प्रकार’ नव्हता, ते सगळ्यांसाठी होतं. आपल्या अंगणात हा वारसा असताना वर्गातल्या साठ जणांना चार खोक्यांत बसवायची मला तरी गरज वाटत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्या मुलाला दिसत नाही त्याला ऐकून किंवा ब्रेल वाचून शिकावं लागतं. ज्या मुलीला वाचनदोष आहे, म्हणजे डिस्लेक्सिया आहे, तिची अक्षरांशी झुंज खरी असते. या गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा मुलामुलींना संरक्षण दिलं आहे, आणि पात्र विद्यार्थ्यांना लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. तुम्हाला अशी शंका असेल तर ऑनलाइन प्रश्नावलीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र हातात असेल तर ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आणू नका, सत्राच्या सुरुवातीलाच कार्यालयात द्या.

‘ऐकणारा’ मुलगा

दोन-तीन वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. दोन विषय राहिले होते. सगळे तास मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि रात्री खोलीवर कानात घालून ऐकायचा. आपण ऐकूनच शिकतो याची त्याला इतकी खात्री होती, की पुस्तक विकतच घेतलं नव्हतं. मी विचारलं, ‘‘काहून वाटतं तुला असं?’’ तो म्हणाला, ‘‘सर, गावातल्या नाटकात काम करतो मी. अख्ख्या नाटकाचे डायलॉग पाठ असतात.’’

झाडीपट्टीची नाटकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातलं बळ कळेल. रात्रभर चालणारं नाटक, पुढे हजारोंचा समुदाय. त्यातले संवाद या मुलाच्या जिभेवर होते. मी त्याला तालमीबद्दल खोदून विचारलं. तालमीत तू काय करतोस? वही हातात धरून ऐकत बसतोस? नाही. वही बाजूला ठेवून बोलायचं, अडलं की प्रॉम्प्टर शब्द देतो, पुन्हा बोलायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवसांनी सगळ्यांसोबत पुन्हा. मध्येच कुठल्याही प्रवेशापासून सुरू करायला सांगितलं तरी यायला पाहिजे.

संवाद त्याला ऐकल्यामुळे आले नव्हते. वही मिटून बोलल्यामुळे आले होते. अभ्यासात मात्र तो बोलत नव्हता, नुसता ऐकत होता.

दुसरी गोष्ट कळायला आणखी दोन भेटी लागल्या. बारावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला होता आणि इथे पुस्तकं इंग्रजी. वाचताना दर ओळीला दोन शब्द अडायचे. तासाला आम्ही शिक्षक अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत बोलतो, म्हणून ऐकलेलं कळायचं. भाषेच्या अडचणीला त्यानं ‘मी वाचून शिकणारा नाही’ असं नाव दिलं होतं. भंडारा, गोंदिया, वर्धा आणि नागपूरच्या ग्रामीण भागातून येणाऱ्या किती मुलांच्या शिक्क्याखाली हीच अडचण दडलेली असते! शिक्का लागला की माणूस तिच्यावर काम करणं थांबवतो, माझी खरी तक्रार तीच आहे.

भाषेची अडचण असेल तर असं करा. एक परिच्छेद इंग्रजीतून वाचा, अडलेले शब्द काढा. मग पुस्तक मिटा आणि तो मित्राला आपल्या बोलीत सांगा. वऱ्हाडीत सांगा, झाडीबोलीत सांगा, हिंदीत सांगा. सांगता आलं म्हणजे आशय कळला. मग तोच आशय चार इंग्रजी वाक्यांत लिहा. वाक्यं साधी असू द्या. तिसरी पायरी टाळू नका. कळलेलं असूनही लिहिता न आल्यामुळे गेलेले गुण मी फार पाहिले आहेत. ज्या विषयांत मराठीतून उत्तरं लिहायची मुभा आहे तिथे ती घ्या, पण सत्राच्या सुरुवातीलाच ठरवा, परीक्षेच्या हॉलमध्ये नको. शिवाय प्रश्नपत्रिकेतल्या क्रियापदांची एक छोटी वही करा. ‘डिफाइन’ म्हटलं तर दोन ओळी, ‘डिस्टिंग्विश’ म्हटलं तर दोन्हींची समोरासमोर तुलना, ‘क्रिटिकली एक्झामिन’ म्हटलं तर बाजू, विरोध आणि तुमचं मत. माहिती बरोबर आणि मागणी वेगळी, अशी उत्तरं प्रत्येक गठ्ठ्यात निघतात.

कोरा कागद

व्हरायटी चौकापासून लोखंडी पुलापर्यंत सीताबर्डीच्या मेन रोडनं तुम्ही कितीदा गेला असाल. आता डोळे मिटा आणि डाव्या हाताची दुकानं क्रमानं सांगा. पाचसहांच्या पुढे बहुतेकांना जमत नाही. समोर आलं की ओळखणं निराळं, समोर नसताना आठवणं निराळं. पुस्तक चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण म्हणतो, झालं. परीक्षा मात्र दुकानांची नावं विचारते.

हे किती महाग पडतं, ते २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगानं दाखवलं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानं तपासलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्केच उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आदल्या रात्रीच्या वाचनावर सकाळचा पेपर निघतो आणि पुढच्या सत्रात त्यातलं काहीच आठवत नाही, असं का होतं, ते या आकड्यांत आहे.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आग्रह कोऱ्या कागदाचा. तास झाला, की त्याच दिवशी रात्री दहा मिनिटं वही न उघडता आठवेल ते लिहा. सुरुवातीला चार ओळी येतील, मन खट्टू होईल. होऊ द्या. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनानं भरा. आठवताना जो ताण पडतो तोच स्मरण पक्कं करतो, त्यामुळे जे सोपं जातंय त्यावर फार विश्वास ठेवू नका. आकृती आठवून काढणं, मैत्रिणीला फळ्यावर समजावणं, जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक उत्तर वेळ लावून लिहिणं, सगळं याच जातीचं आहे. तुम्हाला बोलायला आवडतं तर बोलून आठवा, चित्र आवडतं तर काढून आठवा. आवडीला जागा इथे आहे. परीक्षा लेखी आहे एवढं ध्यानात ठेवून शेवटची फेरी लिहूनच करा.

सॉल्व्ह्ड सेटबद्दल विचारता म्हणून सांगतो. सीताबर्डीतून आणलेला सेट वाईट नाही, तो वापरायची रीत चुकते. उत्तरं हायलायटरनं रंगवून अभ्यास होत नाही. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांची उपयुक्तता कमी ठरली. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं या दोन पद्धती सर्वांत वर आल्या. सेटमधला प्रश्न वाचा, उत्तर हातानं झाका, आधी आपलं लिहा, मग ताडून पाहा.

पसरणं म्हणजे काय, तर एका धड्याला सलग चार तास देण्यापेक्षा चार दिवस एकेक तास द्या. विसरायला थोडी सवड मिळाली, की परत आठवताना पकड घट्ट होते. सोमवारच्या तासाचा कागद सोमवारी, दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या आठवड्याच्या शेवटी, चौथा महिन्यानं. वेळ नाही म्हणू नका. वर्ध्याहून किंवा काटोलहून रोज गाडीनं ये-जा करणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. येताना डब्यात बसून काल काय झालं ते आठवायला वहीही लागत नाही. मी त्यांना तेवढंच सांगतो : गाडी सुटल्यापासून पहिली वीस मिनिटं मोबाइल खिशात.

गणित, भौतिकशास्त्र, सांख्यिकी, कॉस्ट अकाउंटिंग असे उदाहरणं सोडवायचे विषय असतील तर आणखी एक सवय लावा. एकाच धड्याची वीस उदाहरणं ओळीनं सोडवू नका, चार धड्यांची मिसळून सोडवा. रोअरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एकेका आकृतीचा सलग सराव करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्या गटाला २० टक्के मिळाले, दुसऱ्याला ६३. सलग सरावात कोणतं सूत्र वापरायचं हे आधीच ठाऊक असतं, ते शोधायचा सराव होतच नाही. प्रश्नपत्रिकेत तर धड्याचं नाव छापलेलं नसतं.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. सूत्रं, कलमं, वनस्पतींची कुळं पाठच हवीत. पण वाचायला बसताना मनात काय आहे, यावर फरक पडतो. १९७६ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात मार्टन आणि सेल्यो यांना दिसलं, की एकच लेख काही विद्यार्थी शब्द धरून वाचतात आणि काही लेखकाला काय म्हणायचंय ते शोधत. पहिल्या वाचनाला वरवरचं म्हटलं गेलं, दुसऱ्याला खोल. हे मात्र जन्मजात प्रकार नाहीत. तोच विद्यार्थी आवडत्या विषयात खोल जातो आणि ‘पास झालो म्हणजे पुरे’ अशा विषयात वरवर. दर पानाला ‘हे असं का?’ असं एकदा विचारा, उत्तर समासात एका ओळीत लिहा. एवढ्यानंही वाचनाची पातळी बदलते.

हजेरीचं सांगणं मुलांना आवडत नाही, तरी सांगतो. ७५ टक्क्यांचा नियम सोडून द्या. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहिले गेले, तेव्हा महाविद्यालयातल्या गुणांशी तासांच्या हजेरीचा संबंध तिथल्या प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट निघाला. क्लास लावलाय म्हणून कॉलेजचा तास बुडवणाऱ्यांनी यावर विचार करावा. आणि झोप मोडू नका. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो, कूलरच्या घरघरीत डोकं चालत नाही. त्या दिवसांत पहाटे पाच ते आठ हे तीन तास सोन्याचे. त्यासाठी रात्री दहाला अंथरुणावर पडावं लागेल, अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी असली तरी.

तो भंडाऱ्याचा मुलगा पुढच्या परीक्षेत दोन्ही विषयांत निघाला. पहिला वर्ग नव्हता, पण निघाला. त्यानं वर्गातल्या तिघांना धरून तालीम सुरू केली होती. एक जण सांगायचा, दुसरा पुस्तक धरून प्रॉम्प्टर व्हायचा, अडलं की फक्त पहिला शब्द द्यायचा. संपूर्ण वाक्य सांगायला बंदी. हा ‘फक्त पहिला शब्द’ नियम माझ्या डोक्यात आला नसता. आता मी तो सगळ्यांना सांगतो.

तुम्हीही दोघं-तिघं मिळून या आठवड्यात करून पाहा. एकटे असाल तर आज रात्री आजच्याच एका तासावर कोरा कागद घ्या. आणि पुढच्या वेळी माझ्या टेबलापाशी याल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर तो कागदही आणा. जिथे काही आठवलं नाही त्या जागा घाईघाईनं भरू नका. मला आधी त्याच पाहायच्या असतात.